खडक लागेपर्यंत

सोलापूरच्या उत्तरेला, नान्नजच्या बाजूला माळावर कुदळ मारली की वीतभर खाली मुरूम लागतो आणि हातभर खाली खडक. तिथून दक्षिणेला भीमेच्या काठावर आलात तर पुरुषभर खाली गेलं तरी काळी माती संपत नाही. मधलं अंतर मोटरसायकलवर जेमतेम दीड तासाचं. रस्त्यावरून बघणाऱ्याला मात्र दोन्हीकडं सारखंच सपाट रान दिसतं.

मी मांडणशिल्पं, म्हणजे इन्स्टॉलेशन, करते. निसर्ग आणि भूदृश्य हाच माझा विषय, आणि राहते सोलापुरात. कलाकारांची शिबिरं भरतात ती महाबळेश्वरला नाहीतर कोकणात. सोलापूरला भूदृश्य बघायला कुणी येत नाही. "तुमच्याकडं आहे काय? ऊन आणि धूळ," असं मला आपली माणसंसुद्धा सांगतात. मला हे कधीच पटलं नाही. इथलं भूदृश्य उभं आहे, ते बघायचं तर जमिनीत उतरावं लागतं. ते शहरातल्या माणसाला कसं दाखवायचं, हा प्रश्न घेऊन मी गेल्या हिवाळ्यात कामाला लागले. त्याची ही हकीकत.

सुरुवात मामांच्या विहिरीपासून झाली. मोहोळ तालुक्यात त्यांचं शेत आहे. विहीर रुंद करायला काढली होती आणि वरचं बांधकाम व्हायचं होतं, त्यामुळं जमिनीचा अख्खा काप उघडा पडला होता. वर नांगरटीची भुसभुशीत काळी. तिच्याखाली घट्ट काळी, ढेकूळ फोडलं तर आतून चकचकीत, कुणी तेलाचा हात फिरवावा तशी. मग पांढरे चुनखडीचे खडे विखुरलेले. मग पिवळट मुरूम, मग पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक, आणि तळाशी काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचं पठार झालं, त्यातलाच हा दगड. तो झिजून, कुजून, वाहून वरची काळी झाली. पुस्तकात वाचलेलं सगळं तिथं माझ्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर होतं.

त्या चकाकीबद्दल मामांना विचारलं. म्हणाले, "माती फिरती बग. उन्हाळ्यात भेगा पडत्यात, वरची माती भेगंत जाती. पाऊस पडला की खालची फुगून वर रेटती. आमचा नांगर वीतभर जातोय, ती स्वतःच पुरुषभर नांगरती." मृदाशास्त्र हेच सांगतं. आपल्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. फुगताना आतले तुकडे एकमेकांवर घासतात आणि घासलेल्या बाजू गुळगुळीत होतात. मामांनी ते चार वाक्यांत सांगितलं.

सोलापूर जिल्ह्याची सगळी रब्बी या मातीवर उभी आहे. वर्षाचा पाऊस साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. मग शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरायचा आणि पुढं आभाळाकडं बघायचं नाही. पीक वाढतं ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. मालदांडी 35-1 हे वाण इथल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेलं, आणि ते तगतं ते या ओलीच्या भरवशावर. कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचं केंद्र सोलापुरात 1933 पासून आहे, तेही उगीच नाही. म्हणून मातीची खोली म्हणजे इथं पाण्याची टाकी. जिथं माती हातभर तिथं हुलगा, मटकी, फार तर बाजरी. जिथं पुरुषभर तिथं शाळू. मला ही खोली दाखवायची होती. तक्ता काढून नाही, मातीनंच.

कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेल्या मृदाशास्त्राच्या एका सरांकडं गेले. त्यांच्याकडून कळलं की जमिनीचा उभा काप कापडावर उचलून घेता येतो. काप तासून सपाट करायचा, त्यावर पातळ गोंद मारायचा, कापड चिकटवायचं, वरून पुन्हा गोंद, आणि वाळलं की पापुद्रा सोलून काढायचा. माती ज्या क्रमानं जमिनीत असते त्याच क्रमानं कापडावर येते. नेदरलँड्समध्ये वागेनिंगेन इथं जगभरच्या मातीचे असे उभे काप जपणारं संग्रहालयच आहे. सरांनी एक गोष्ट मात्र आधीच बजावली. वाळूला हे सोपं. काळीला अवघड, कारण ओली असताना ती गोंद धरत नाही आणि वाळली की जागा सोडते.

कापडाचा प्रश्न सुटला सोलापूर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत. तिथं एका अण्णांची मागाची शेड आहे. माग थांबले, विकले गेले, शेड रिकामी पडली. ती मी काही महिन्यांसाठी भाड्यानं घेतली होती, मांडणी तिथंच करायची म्हणून. अण्णांचं सगळं आयुष्य चादरी आणि टॉवेल विणण्यात गेलं. मी मांजरपाट आणून ठेवला होता. त्यांनी तो दोन बोटांत धरून बघितला आणि बाजूला ठेवला.

"मातीला धरायचं म्हणल्यावर साधं कापड काय धरणार, अम्मा? टॉवेल घे. लूप हाय की त्याला."

टेरी टॉवेलच्या मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम असतात. एक ताणा घट्ट, कापडाचं अंग त्याच्यावर विणलं जातं. दुसरा सैल सोडलेला, फणी ठोकली की तो वर उचलला जातो आणि त्याची लूप बसते. अण्णांच्या भावकीतल्या एकांचा माग चालू होता. त्यांनी एकाच बाजूला लूप असलेलं, रंग न दिलेलं कोरं कापड विणून दिलं. अण्णांनी ते गरम पाण्यात धुवायला लावलं, खळ निघेपर्यंत. सुताला खळ राहिली तर गोंद आत शिरत नाही, हे त्यांना मी सांगायची गरज पडली नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे हे आपण अभिमानानं सांगतो. या कामात मला त्या विणीची अक्कल प्रत्यक्ष दिसली. एकेका लुपेनं एकेक खडा धरला.

पहिला काप मामांच्या शेतात घ्यायचा ठरला, बांधाच्या कडेला, शाळू उभा असताना. जेसीबी लावायच्या आधी मामांनी अट घातली. "खालचं वर येता कामा नये. वरची काळी एका बाजूला टाक, चुनखडीची दुसरीकडं, मुरूम तिसरीकडं. बुजवताना त्याच वळणानं बुजवायचं. मुरूम वर आला तर तेवढी जागा माझ्या नातवाच्या वेळंपर्यंत पिकायची नाही." ही अट मी जेसीबीवाल्याला तीनदा ऐकवली, आणि मामा स्वतः काठावर उभे राहिले. उकरलेले ढीग काठापासून लांब टाकायचे, समोरची बाजू पायऱ्या करून उतरती ठेवायची, एकट्यानं खाली उतरायचं नाही, हे विहिरीवर काम केलेल्या माणसांनी सांगितलं. काळीची भिंत सरळ उभी दिसते, पण भेगेला भेग मिळाली की न सांगता बसते. असं काम कुणाला करायचं असेल तर सगळ्यात आधी हे शिकावं.

एक पुरुष खोल चर झाला. खाली उतरून उभी राहिले तेव्हा शाळवाची धाटं माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती आणि मुळं तोंडासमोर. छातीपासून खालीसुद्धा बारीक पांढरी मुळं होती, भेगांच्या कडेकडेनं उतरलेली. वरची हातभर माती पार वाळलेली, भेगांनी फाटलेली. खालची थंड आणि ओलसर. एका हाताच्या अंतरात उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही. शेतात उभं राहून "रान वाळलं" असं आपण म्हणतो, तेव्हा जिवंतपणा खाली सरकलेला असतो.

काप खुरप्यानं तासायला घेतला. काळी तासताना खुरप्याचा घसारा मातीवर राहतो, तो सपाट लेप सगळं झाकून टाकतो. म्हणून तासून झाल्यावर सुरीच्या टोकानं एकेक ढेकूळ त्याच्या नैसर्गिक फटीतून उचकटून काढायचं, म्हणजे खरी घडण दिसते. या कामाला वेळ लागतो आणि ते घाईनं होत नाही. मामी जेवणाची भाकरी घेऊन आल्या, चराच्या काठावर बसल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एवढी वर्सं खुरपलं की गं हे रान. आत असं आसंल असं वाटलं नव्हतं."

गोंद लाकूडकामाचाच, पांढरा, पाण्यात पातळ करून. मारायला शेतातला फवारणीचा पंप. वरच्या कोरड्या मातीनं तो लगेच पिऊन टाकला. खालची ओली माती सरांनी सांगितल्याप्रमाणं गोंद धरेना. तिथं काप उघडा ठेवून थांबण्याला पर्याय नव्हता. वरून पत्रा टाकून थेट ऊन अडवलं आणि वारा लागू दिला. जशी ती वाळली तशा तिच्यातही भेगा पडल्या, आणि मग त्या भेगांमध्येच गोंद सोडला, ढेकळामागून ढेकळाला धरेल असा. नंतर कापड, लुपेची बाजू मातीकडं. मऊ ब्रशनं ठोकून ठोकून बसवलं, वरून दाट गोंद. पुरतं वाळल्यावर मागं फळी लावली आणि वरून पहारीनं हळूहळू सुटं करत चौघांनी ते आडवं खाली घेतलं. वजन भयंकर होतं. उलटून बघितलं तेव्हा वरची काळी, चकचकीत बाजू, चुनखडीचे खडे, शाळवाची मुळं, खालचा मुरूम, सगळं आपापल्या जागी होतं. मामांनी खड्यांवरून बोट फिरवलं आणि गप्प उभे राहिले.

कापडाची लांबी मी ठरवायची नाही, मातीनं ठरवायची, हा नियम मी तिथंच केला. वरून सुरुवात, खडक लागला की कापायचं.

माळावरचा काप त्या मानानं एका दिवसात झालेलं काम. नान्नजचं अभयारण्य 1979 साली माळढोकासाठी घोषित झालं. त्याच्या आत जाऊन माती उचलणं मला करायचंच नव्हतं. बाहेरच्या बाजूला एका शेतकऱ्याचं हलकं रान आणि त्याला लागून त्यांच्याच मालकीचा थोडा माळ आहे. त्यांनी परवानगी दिली. दोन वितीत खडक. कापड मामांच्या कापडासमोर रुमालाएवढं दिसत होतं. पण त्या दोन वितीत गवताच्या मुळांची अशी गच्च जाळी होती की गोंद जवळजवळ लागलाच नाही, मुळांनीच माती धरून ठेवली होती. माळ म्हणजे मोकळी जागा, तिथं झाडं लावून सुधारणा करावी, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. मला ते मान्य नाही. माळढोक आता जवळजवळ दिसेनासा झाला, पण धाविक, चंडोल, खोकड, लांडगा, काळवीट हे सगळे उघड्या गवताचे रहिवासी आहेत. झाडांची दाटी झाली तर त्यांना जागा उरत नाही. दोन वीत मातीवर जे उगवायला पाहिजे ते तिथं आधीच उगवलेलं आहे.

तिथं एका धनगर मामांनी मला कुसळ दाखवलं. कुसळी गवताच्या बियाला लांब, पीळ पडलेली शेपटी असते. कोरडं असताना पीळ घट्ट, ओल लागली की उलगडतो आणि बी गोल फिरत टोकानं जमिनीत घुसतं. "मेंढीच्या कातड्यात पण असंच शिरतंय," ते म्हणाले आणि आपल्या मेंढीच्या मानेवरची जागा दाखवली. मी कागदाच्या पुडीत कुसळं भरून आणली. शेडमध्ये एका पाटावर ओला कापूस आणि शेजारी कुसळं ठेवली. बघायला आलेली मुलं सगळ्यात जास्त वेळ तिथंच थांबली. ओल्या कापसावर ठेवलेलं कुसळ थोड्याच वेळात आपोआप वळायला लागायचं, आणि मुलं ओरडून आईला बोलवायची.

भीमेचा काठ दक्षिण सोलापुरात. सीना तिला कुडलजवळ मिळते. हत्तरसंग कुडलच्या मंदिरात शके 940 चा, म्हणजे 1018 सालचा मराठी शिलालेख आहे. त्या संगमावर गेल्यावर मी नेहमी तो बघून येते. हजार वर्षांपूर्वी इथं कुणीतरी आपली भाषा दगडात कोरून ठेवली, ही गोष्ट मला दर वेळी नव्यानं धीर देते. काठावर एका ठिकाणी नदीनं स्वतःच दरड उभी कापलेली आहे, त्यामुळं चर खोदावा लागला नाही. वर शेताची काळी, आणि तिच्याखाली पुरानं आणलेल्या गाळाचे थर. कुठं बारीक रेती, कुठं चिकण, पुन्हा रेती. एकेक थर म्हणजे नदी बाहेर आलेली एकेक वेळ. रेतीनं कापड सहज धरलं, सरांचं म्हणणं तिथं पटलं. आम्ही नदीच्या पाण्यापर्यंत उतरलो. खडक लागला नाही. मग नियमाप्रमाणं कापड कापायचं नव्हतं. उरलेला तागा तसाच ठेवला. मांडणीत तो कापडाच्या खालच्या टोकाला जमिनीवर गुंडाळलेला होता, कोरा, माती न लागलेला. लोकांनी त्याबद्दलच सगळ्यात जास्त विचारलं. "अजून खाली आहे," एवढंच मी सांगायची.

शेडमधली जमीन हा या कामाचा दुसरा भाग. न्यूयॉर्कमध्ये वॉल्टर डी मारिया या कलाकारानं 1977 साली एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरची अख्खी जागा मातीनं भरली. 3600 चौरस फूट, 22 इंच जाडीचा थर, वजन सव्वा लाख किलोहून जास्त. ती माती आजही तिथं आहे, तिला नियमित पाणी घालतात, दाताळ्यानं सारखी करतात, म्हणजे ती कायम ओली, काळीभोर दिसते. त्या कामाबद्दल मला आदर आहे, शहराच्या मध्यभागी माती हा एकच शब्द इतक्या ठामपणे उच्चारणं सोपं नाही. पण सोलापुरात कायम ओल्या मातीचं चित्र खोटं ठरेल. इथली माती वाळते आणि वाळतानाच ती स्वतःला दाखवते. मला वाळणं दाखवायचं होतं.

एका शेततळ्याच्या उकराईतली काळी ट्रॉलीनं आणली, चाळली, भिजवली. तुडवायला शेजारच्या गल्लीतल्या बायका आल्या. त्यातल्या काही विड्या वळणाऱ्या, काही खेड्यातून आलेल्या. ज्यांनी माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात दिवस काढलेत त्यांना माती कालवणं सांगावं लागत नाही. त्यांनी लगेच भुसकट आणि शेण मागितलं. मी नको म्हटलं.

"मग भेगा पडत्याल की, ताई."

"भेगाच पाहिजेत, मावशी."

त्यांना ते काही केल्या बरोबर वाटेना, आणि त्यांचं कारण पक्कं होतं. माळवदावर आणि भिंतीला पांढरी माती वापरतात ती याचसाठी. काळीनं घर बांधलं तर ते उन्हाळ्यात फाटतं. एका मावशींनी शेवटपर्यंत माझ्याकडं काळजीनं बघितलं, पण पाय थांबवले नाहीत.

शेडमध्ये जमिनीवर मागांच्या पायाचे सिमेंटचे चौथरे तसेच होते, जमिनीपेक्षा थोडे उंच. त्यांच्यासकट सगळीकडं माती पसरली आणि वरून एक पातळी केली. चौथरे दिसेनासे झाले. काळी, ओली, सपाट जमीन, भिंतीपासून भिंतीपर्यंत. मार्चचं ऊन, पत्र्याचं छत, दारं उघडी. वाळायला वेळ लागला नाही. आधी कडांना भेगा आल्या, मग मध्ये.

मातीचा थर जाड असला की भेगा लांब लांब आणि रुंद पडतात, पातळ असला की जवळजवळ आणि बारीक. हे नियमानं होतं. चौथऱ्यांवर थर दोन बोटांचा होता आणि मधल्या जागेत वीतभर. जशी माती वाळत गेली तसे सगळ्या शेडभर चौकोन उमटले, आत बारीक नक्षी आणि भोवती मोठ्या भेगा. ओळीनं, सारख्या अंतरावर. थराच्या जाडीनं फरक पडेल हे मला माहीत होतं, पण इतकं स्वच्छ उमटेल असं वाटलं नव्हतं.

अण्णा सकाळी चावी घ्यायला आले, दारात थांबले, चपला काढल्या. मी म्हटलं आत या, काही होत नाही. ते आले नाहीत. दारातूनच हात करून दाखवायला लागले. "हा जकार्डचा, चादरीचा माग. हा पण. त्या कोपऱ्यात टॉवेलचे. इथनं पाणी गळायचं पावसाळ्यात, म्हणून हा माग जरा अलीकडं घेतला होता, बग, सरळ रेषेत नाही." खरोखरच तो चौकोन थोडा पुढं होता. "आणि हितं, दोन्हीच्या मधी, आमची आई कांड्या भरायला बसायची." मग ते त्यांच्या बायकोशी फोनवर तेलुगूत बोलले. संध्याकाळी सगळं घर आलं. मग भावकी, मग आधी तिथं कामाला असलेली माणसं. प्रदर्शन अजून उघडलं नव्हतं आणि शेड भरलेली होती. ज्याचा जो माग होता त्याच्या समोर तो जाऊन उभा राहत होता.

मी हे काम शेतीच्या जमिनीबद्दल करत होते. मागांच्या जमिनीबद्दल ते मातीनं केलं. दोन्ही गोष्टी एकाच जागी कशा बसल्या याचा मी तेव्हापासून पुष्कळ विचार केला आहे. इथल्या गिरण्यांमध्ये आणि मागांवर आलेली कितीतरी माणसं दुष्काळात रान सोडून आलेली होती. 1877 मध्ये सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, तीही मोठ्या दुष्काळाचीच वर्षं. कोरडी जमीन आणि विणलेलं कापड यांचं नातं या शहरात पहिल्यापासून आहे. मी ते शोधून काढलेलं नाही.

तिन्ही कापडं छताच्या लोखंडी कैच्यांना टांगली. माळाचं सगळ्यात आखूड, एवढंसं. मामांचं मधल्या उंचीचं. नदीचं जमिनीला टेकून पुढं ताग्यात गेलेलं. वरची कड तिन्हींची एका रेषेत, कारण जमिनीची पातळी तीच. टांगल्यावरसुद्धा मामांच्या कापडावरची खालची काळी वाळत राहिली, आणि अधूनमधून एखादं ढेकूळ सुटून खाली पडायचं. खालून दोरी बांधून लोकांना लांब ठेवावं लागलं. पडलेली माती मी रोज झाडून वेगळ्या डब्यात भरत गेले, कोणत्या कापडाची ते लिहून. चिकटवून थांबवता आलं असतं, पण काळी आकसणारच. तिला तसं करू दिलं.

मामा आणि मामी एसटीनं आले. मामांनी आपलं कापड ओळखीच्या माणसाकडं बघावं तसं बघितलं आणि मग जमिनीपाशी बसून भेगेत बोटं घातली. "कोळपणी करायला पायजे हिला. एक कोळपणी म्हंजी अर्धं पाणी. भेगा बुजल्या की ओल जात नाही." मी म्हटलं, मामा, ही पेरायची नाही. ते म्हणाले, "तरी पण. बगवत नाही."

त्यांच्या म्हणण्यावर मी आजही अडखळते. अॅग्नेस डेनेस या कलावतीनं 1982 साली मॅनहॅटनच्या टोकाला, भराव घातलेल्या दोन एकर जागेवर गहू पेरला आणि कापला. तिनं पीक घेतलं. मी माती आणली आणि तिला नुसती वाळू दिली. शेतकऱ्याला भेग म्हणजे उडून जाणारी ओल, आणि तिच्याकडं नुसतं बघत बसणं त्याच्या हातांना जमत नाही. या दोन नजरांमध्ये कोणती खरी हे मला ठरवायचं नाही. दोन्ही त्या शेडमध्ये एकत्र उभ्या होत्या, हे मला पुरेसं वाटतं.

माळाचं रान ज्यांचं, ते शेतकरी शेवटच्या आठवड्यात आले. फार बोलले नाहीत. तिन्ही कापडांसमोरून दोनदा फिरले, आपलं आणि नदीचं, आपलं आणि नदीचं. जाताना विचारलं, "हे संपल्यावर ह्या खालच्या मातीचं काय करणार?" मी सांगितलं, ठरलेलं नाही. "मला द्या. रानात टाकतो."

तलावातला गाळ हलक्या रानात टाकणं इकडं नवीन नाही, त्यांनीही आधी केलेलं होतं. मे महिन्यात आम्ही फावड्यानं ती जमीन उचलली. जकार्डचे, टॉवेलचे सगळे चौकोन सुटे तुकडे होऊन निघाले. अण्णा आणि त्यांचा मुलगा दोघंही पाट्या भरायला होते. या मातीत गोंद नव्हता, त्यामुळं ती रानात जायला काही हरकत नव्हती. ट्रॉलीतून ती उत्तरेला गेली आणि अर्ध्या गुंठ्यावर पसरली, चार-पाच इंचांचा थर झाला. मामांकडचा चर त्यांच्या अटीप्रमाणं मुरूम खाली, काळी वर असा आधीच बुजवला होता. पहिल्या पावसानं तो थोडा बसला, मग त्यावर आणखी काळी टाकली. कापडं सध्या मोहोळकडच्या एका शाळेच्या सभागृहात आहेत. मुलं आपापल्या गावच्या विहिरींच्या कडेवरून मातीची खोली मोजून आणायला लागली आहेत आणि भिंतीवर खडूनं लिहितात.

त्या अर्ध्या गुंठ्यात शेतकऱ्यानं यंदा शाळू पेरलाय. बाकीच्या रानात नेहमीप्रमाणं हुलगा. परवा फोन आला होता, शाळू गुडघ्याला लागलाय म्हणाले. कणसं भरतात की ओल त्याआधी संपते, हे संक्रांतीनंतर कळेल.